मूल दत्तक घ्यायचंय? कागदपत्रांइतकीच मनाची तयारी का लागते?

दत्तक घ्यायचं ठरलं की बहुतेक जोडप्यांचा पहिला प्रश्न असतो, 'किती दिवस लागतील?' खरं तर हिशोब दिवसांचा नाही, वर्षांचा असतो. संसदेच्या स्थायी समितीच्या २०२२ मधल्या अहवालानुसार, डिसेंबर २०२१ पर्यंत देशात २७,९३९ इच्छुक पालकांची नोंदणी झालेली होती. दत्तक देण्यासाठी कायदेशीररीत्या मुक्त असलेली मुलं मात्र फक्त २,४३० होती. पाच वर्षांत प्रतीक्षेचा काळ एका वर्षावरून तीन वर्षांवर गेल्याचंही समितीने नोंदवलं.

हा काळ कसा घालवला जातो, यावर मूल घरी आल्यानंतरचे दिवस बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

दत्तक कोण घेऊ शकतं?

बाल न्याय कायदा २०१५ नुसार कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येतं. जोडप्याचं वैवाहिक आयुष्य किमान दोन वर्षं स्थिर असावं लागतं आणि दोघांचीही संमती लागते. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. पालक आणि मूल यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर असावं लागतं.

दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल, तर पती-पत्नीच्या वयाची बेरीज ८५ पेक्षा जास्त चालत नाही. एकट्या पालकासाठी ही मर्यादा ४० वर्षं आहे. मूल मोठं असेल तर मर्यादाही वाढते.

प्रक्रिया कशी असते?

नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच 'कारा'च्या पोर्टलवर होते. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन 'होम स्टडी' करतो. पालक पात्र ठरले की ज्येष्ठता यादीनुसार त्यांना मुलाची माहिती, फोटो आणि वैद्यकीय अहवाल पाठवला जातो.

इथून पुढे घाई होते. ४८ तासांत मूल आपल्यासाठी राखून ठेवायचं असतं. त्यानंतर संस्थेत जाऊन मुलाला भेटायचं आणि ठरलेल्या मुदतीत स्वीकार कळवायचा. वैद्यकीय अहवाल समजावून देणारा बालरोगतज्ज्ञ आधीच पाहून ठेवला, तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

पालकांनी स्वीकार कळवल्यावर मूल आधी तात्पुरत्या संगोपनासाठी घरी येतं. अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देत असे, सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी मुलाची विचारपूस होते.

इतका वेळ का लागतो?

संस्थेतलं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही. अनेक मुलांचे पालक हयात असतात, फक्त सांभाळू शकत नाहीत. सापडलेल्या मुलाच्या आईवडिलांचा आधी शोध घेतला जातो, मगच बाल कल्याण समिती त्याला मुक्त घोषित करते. आईवडिलांनी स्वतःहून सोपवलेल्या मुलाबाबत त्यांना फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात. शिवाय बहुतेकांना लहान आणि निरोगी बाळ हवं असतं. मोठी आणि विशेष गरजा असलेली मुलं वाट पाहत राहतात.

'होम स्टडी'त काय पाहतात?

घर किती मोठं आहे, याची अनेकांना धास्ती वाटते. पण दत्तक का घ्यायचं आहे, दोघांचं एकमत आहे का, मूल आजारी पडलं तर कोण थांबणार, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे असतात. एकट्या पालकाला, आपल्याला काही झालं तर मुलाला कोण सांभाळेल, याचंही उत्तर तयार ठेवावं लागतं.

अनेक जोडपी वंध्यत्वाच्या लांबलचक उपचारांनंतर दत्तकाकडे वळतात. त्या अपयशाचं दुःख मनात तसंच राहिलं, तर न जन्मलेल्या बाळाशी आलेल्या मुलाची तुलना होत राहते. पतीने फक्त पत्नीच्या आग्रहाखातर किंवा पत्नीने सासरच्या दबावाखाली होकार दिला असेल, तर तेही पुढे बाहेर येतं. अशा वेळी नोंदणी करण्याआधी समुपदेशकाशी बोलणं शहाणपणाचं ठरतं.

घरच्यांशी काय बोलायचं?

'कोणाचं असेल?', 'जात कोणती?', 'रक्ताचं ते रक्ताचंच' असे शेरे अनेक घरांत ऐकू येतात. आजी-आजोबांना मन वळवायला वेळ लागू शकतो आणि प्रतीक्षेची वर्षं त्यासाठीच वापरता येतात. मुलासमोर काय बोलायचं नाही, हे मात्र ते येण्याआधीच स्पष्ट झालेलं बरं. घरात आधीचं मूल असेल, तर त्यालाही सुरुवातीपासून सगळं सांगावं लागतं.

मूल आल्यावर लगेच लळा लागतो का?

कधी लागतो, कधी महिने जातात. संस्थेतून येणारं मूल ओळखीची माणसं, रोजची वेळापत्रकं, कधीकधी भाषाही मागे सोडून येतं. दुसऱ्या राज्यातून आलेल्या चार वर्षांच्या मुलाला मराठीचा एक शब्दही येत नसेल, अशी शक्यता असते. रात्री दचकून उठणं, खाऊ लपवून ठेवणं, मुद्दाम चिडवून पालक आपल्याला सोडतात का ते पाहणं, अशा गोष्टी घडू शकतात. आपल्यालाही लगेच माया वाटत नाही, म्हणून पालकांना अपराधी वाटू शकतं.

मोठ्या मुलांच्या बाबतीत कधीकधी 'जमत नाही' म्हणून मूल संस्थेत परत पाठवलं जातं. त्या मुलासाठी ते दुसऱ्यांदा सोडलं जाणं असतं. म्हणूनच शंका असतील तर त्या आधी बोलायच्या आणि अडचण आली की संस्थेची मदत लगेच मागायची.

मुलाला खरं कधी सांगायचं?

तज्ज्ञांचा सल्ला साधारण एकच असतो: लवकर, आणि घरच्यांच्याच तोंडून. अगदी लहानपणी गोष्टीच्या रूपात सांगितलं, तर मुलासाठी तो धक्का ठरत नाही. शेजाऱ्याकडून किंवा एखाद्या लग्नघरात कळलं, तर मात्र विश्वास तुटतो. दत्तक व्यक्तीला १८ वर्षं पूर्ण झाल्यावर स्वतःच्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्जही करता येतो.

रजा आणि फसवणूक

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला १२ आठवड्यांची रजा दिली, पण मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असावं, अशी अट घातली. कायदेशीर प्रक्रियेतच दोन-तीन महिने जात असल्याने या अटीला न्यायालयात आव्हान दिलं गेलं. त्यामुळे आपल्या कार्यालयाचा सध्याचा नियम आधीच विचारून घेतलेला बरा. वडिलांच्या रजेचीही चौकशी करावी.

'बाळ दत्तक द्यायचं आहे, संपर्क करा' असे संदेश सोशल मीडियावर फिरतात. अशा मार्गाने मूल घेणं गुन्हा आहे. बेकायदा दत्तकासाठी तीन वर्षांपर्यंत, तर मुलाच्या खरेदी-विक्रीसाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद कायद्यात आहे. असं मूल पुढे पालकांकडून काढूनही घेतलं जाऊ शकतं. कुठे बेवारस बाळ आढळलं, तर १०९८ या हेल्पलाइनवर कळवावं.

शंका असल्यास आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात किंवा मान्यताप्राप्त दत्तक संस्थेत विचारता येतं. नोंदणी करण्याआधीही तिथे जाता येतं.