जुमागीचे पाच शुक्रवार

आमच्या मूर्तिजापुरात लग्न झालेल्या मुलीला पाच जुम्मे जावयासह दावतीला बोलावण्याचा रिवाज होता. त्याला जुमागी म्हणत. उच्चार घरोघरी थोडा वेगळा. आजच्या मुलींना हा शब्द विचारला तर त्या एकमेकींकडे पाहतात. एखादी नानी मात्र लगेच बोटे मोजू लागते : पहिला जुम्मा माहेरी, दुसरा मामूकडे, तिसरा फुफीकडे...

हा रिवाज केवळ वऱ्हाडातला नव्हे. एलुरूच्या जाफर शरीफ यांनी दख्खनी मुसलमानांच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या चालीरीती लिहून काढल्या आणि मद्रासच्या सेवेतील डॉक्टर हर्क्लॉट्स यांनी त्या १८३२ साली ‘कानून-ए-इस्लाम’ या नावाने इंग्रजीत छापल्या. त्यात मुलाच्या चार वर्षे, चार महिने, चार दिवसांच्या बिस्मिल्लापासून हळद, रतजगा, जुमागीपर्यंत सारे आहे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘बहिश्ती जेवर’मध्ये अशा रस्मांवर कडक टीका केली. एकाने त्या साहेबाला कळाव्यात म्हणून लिहिल्या, दुसऱ्याने त्या सुटाव्यात म्हणून. ज्या बायकांनी त्या चालवल्या, त्यांचे म्हणणे या दोन्ही किताबांत नाही.

आमच्या गावाला जुमागी सोयीची होती ती शकुंतलेमुळे. मूर्तिजापूरहून एक फाटा दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला, दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. इंग्रज कंपनीने ही अरुंद रेल्वे कापसासाठी टाकली. आमच्या सोयरिकीही तिच्याच रुळांवरून पसरल्या. १९९४ पर्यंत कोळशाचे इंजिन होते, त्यामुळे नव्या नवरीच्या ओढणीवर काजळी घेऊनच जोडपे उतरायचे.

जावई बैठकीत. त्याच्यापुढे दालचा, पुलाव, जर्दा. मुलगी मात्र थेट स्वयंपाकघरात. अम्मा तिचे केस विंचरायला बसायची आणि विंचरता विंचरता विचारायची, “कैसी है बेटी?” पत्र सासरी कोणीतरी वाचून मगच टाकायचे, इथे वाचणारे कोणी नव्हते. आमच्या एका फुफीने तिसऱ्या जुम्म्याला परत जायला साफ नकार दिला. कारण दागिन्यांचे होते. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. दादा दोन बुजुर्गांना घेऊन सकाळच्या गाडीने समधींकडे गेले. बोलणे झाले, दागिने परत आले, आणि चौथी जुमागी ठरल्याप्रमाणे मामूच्या घरी झाली. त्याला कोणी पंचायत म्हटले नाही, दावतच म्हटले.

हेही सांगितले पाहिजे की पाच दावती म्हणजे पाच जोडे, पाच खर्च. कापूस घरी यायच्या आधीच त्यावर उसने घेतलेले बाप आम्ही पाहिले आहेत. उलेमांनी फिजूलखर्चीवर बोट ठेवले ते उगाच नव्हे. पण खर्च गेला कुठे? तो शादीखान्यात, मंडपात, कॅटरिंगमध्ये गेला आणि दुपटीने वाढला. गेल्या त्या फक्त जुमाग्या. आता कोणी आठवण ठेवलीच तर पाचही एकाच दिवशी, वलीमा आटोपल्यावर उरकतात. रतजग्याचे तेच झाले. गुलगुले विकत येतात, ढोलक माळ्यावर आहे आणि गाणी येणाऱ्या दोनच बायका मोहल्ल्यात उरल्या आहेत.

शकुंतलाही राहिली नाही. यवतमाळकडची गाडी २०१६ मध्ये थांबली, नंतर अचलपूरकडचीही. मुली आता पुण्या-मुंबईकडे, कोणी दुबईला दिल्या जातात. जुम्म्याला येणार कशा?

फोन मात्र रोज येतो. आमच्या घरात नातीचा फोन आला की नानी ख्यालीखुशाली विचारायच्या आधी एकच विचारते, “पास में कौन बैठा है?”