गाला इव्हिनिंग

१. गाला इव्हिनिंग : क्युनार्ड कंपनीच्या जहाजांवरची औपचारिक पोशाखाची रात्र. लेखिकेने साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा प्रवास केला ते 'क्वीन मेरी २' हे जहाज २००४ पासून सेवेत आहे. सात रात्रींच्या या सफरीत अशा रात्री सहसा दोन असतात. पहिली व शेवटची रात्र मोकळी, कारण तेव्हा सामान उघडायचे किंवा बांधायचे असते. जुन्या आगबोटींपासूनचा हा प्रघात. संध्याकाळी सहानंतर पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि बो अथवा टाय, स्त्रियांनी गाऊन किंवा तसाच ठेवणीतला पोशाख करायचा. आपापल्या देशाचा औपचारिक वेशही नियमात बसतो. त्यामुळे पैठणी नेसावी की नाही, ही लेखिकेची घालमेल अनाठायी होती. पैठणीला आणि बंदगळ्याला तिथे पूर्ण मान आहे. भाड्याच्या टक्सिडोपेक्षा चांगला शिवलेला बंदगळा केव्हाही बरा. इस्त्री मात्र सामानात नेऊ नये. आगीच्या भीतीने केबिनमध्ये तिला बंदी असते. जहाजावरच्या लाँड्रीत तिची सोय आहे. ज्यांना नटायचे नसेल त्यांना 'किंग्ज कोर्ट' या बुफे उपाहारगृहात साध्या कपड्यांत जेवता येते. (संपा.)