पालवणकर बाळू : मैदानाच्या चाकरीपासून संघापर्यंत

गुणवान् तरुणास स्वतःच्या गुणाच्या जोरावर वर चढतां यावें, हें तत्त्व सर्वांसच मान्य असतें. अडचण येते ती शिडीची. ती कोणीं उभी करावयाची, आणि कोणत्या पायरीवर कोणास थांबवावयाचें, याचा निकाल केवळ गुणावर क्वचितच लागतो. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा जो खेळ आहे, त्यांत ही शिडी पद्धतशीर बांधलेली दिसते. शाळेंत चमकलेला मुलगा व्यावसायिक संघांच्या हेरांच्या नजरेस पडतो, त्याच्याशीं करार होतो, आणि प्रथम त्याची रवानगी दुय्यम संघांत होते. तेथें उमेदवारी करावी, टिकल्यास वर जावें, न टिकल्यास घरीं परतावें, असा तो क्रम आहे. आमच्याकडे अशी शिडी मुळींच नव्हती, त्या काळीं एक मुलगा वर कसा चढला, हें पाहण्यासारखें आहे.

ताथवड्याकडून चिंचवड-दापोडीवरून पुण्यास येतांना खडकी लागते. तेथील दारूगोळ्याच्या कारखान्यांत बाळू यांचे वडील नोकरीस होते. बाळू यांचा जन्म १८७६ सालचा, चर्मकार समाजांतला. लष्करी गोऱ्यांच्या वस्तीजवळ वाढल्यामुळें क्रिकेट त्यांनीं लहानपणींच डोळे भरून पाहिलें. परंतु खेळाच्या मैदानांत त्यांचा प्रवेश झाला तो खेळाडू म्हणून नव्हे, चाकर म्हणून. पुण्यांतील पारशी क्लबांत महिना तीन रुपयांवर मैदान झाडणें व रूळ फिरविणें, हें त्यांचें पहिलें काम. पुढें १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबांत आले, आणि पगार चार रुपये झाला. जाळीं उभारावयाचीं, खेळपट्टी आंखावयाची, आणि साहेबांस सरावासाठीं गोलंदाजी करावयाची. डावऱ्या हाताचा त्यांचा संथ, फिरता चेंडू या चाकरींतच तयार झाला. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नामांकित फलंदाज. आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देण्याचा त्याचा परिपाठ होता असें सांगतात. मात्र एवढ्या वर्षांत साहेबांच्या सरावांत बाळूंच्या हातीं बॅट कधीं देण्यांत आली नाहीं. फलंदाजी ही धन्याची, गोलंदाजी ही चाकराची, अशी ती वांटणी होती.

पुण्याच्या हिंदु संघास गोऱ्यांशीं सामना जिंकावयाचा होता, आणि ग्रेगला चकविणारा गोलंदाज तर डोळ्यांसमोर होता. वाद झाला, पण बाळू संघांत आले. येथें एक विलक्षण देखावा दिसूं लागला. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं झेलावयाचा. चहाच्या वेळीं मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांत चहा द्यावयाचा, जेवणाचें पात्रहि निराळें. चेंडूनें विटाळ होत नाहीं आणि पेल्यानें होतो, हें तर्कशास्त्र सोयीचें होतें, एवढेंच म्हणावें लागतें.

पुढें मुंबईंत हिंदु जिमखान्यानें त्यांना घेतलें, आणि रेल्वेंत नोकरीहि मिळाली. १९०६ सालीं हिंदु संघानें युरोपियनांचा १०९ धांवांनीं पराभव केला, त्या संघांत बाळू व त्यांचे बंधु शिवराम हे दोघेहि होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. संघाची दैना झाली. बाळूंनीं मात्र त्या दौऱ्यांत शंभरांवर गडी बाद केले. तरीहि हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें, आणि त्या वर्षींची चौरंगी स्पर्धा हिंदूंनीं जिंकली. थोरल्यानें ठोठावलेलें दार धाकट्यास उघडलें.

अमेरिकेंतील शिडीहि सर्वांस खुली नव्हती. काळ्या वर्णाच्या खेळाडूंस ती दशकानुदशकें बंद होती. जॅकी रॉबिन्सन याला १९४६ सालीं माँट्रियलच्या दुय्यम संघांत घेतलें, आणि १९४७ सालीं तो ब्रुकलिनच्या मुख्य संघांत उतरला. तेथेंहि दार उघडण्यास ब्रँच रिकी या संघचालकाचा निश्चय कारण झाला. फरक एवढाच कीं, रॉबिन्सनच्या मागें निदान शाळा, विश्वविद्यालय व करार होता. बाळूंच्या मागें झाडू व रूळ यांशिवाय कांहींच नव्हतें.

कोणी म्हणेल, अखेर गुणाचा विजय झालाच ना? आमच्या मतें हें अर्धेंच सत्य होय. बाळूंना संघांत जागा मिळाली ती न्यायबुद्धीनें नव्हे, गरजेनें. आणि गरज जेथें संपली तेथेंच, म्हणजे कर्णधारपदाच्या पायरीपाशीं, त्यांची चढण थांबली. गरजेनें उघडलेलें दार अर्धेंच उघडतें. आज ताथवड्याच्या माळावर महाविद्यालयें उभीं आहेत, आणि आसपास फी भरून क्रिकेट शिकविणारीं केंद्रें आहेत. शिडी आतां बांधलेली आहे, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु सायंकाळीं तेथें जाळीं बांधणारा व खेळपट्टीवर पाणी मारणारा मुलगा कोणाचा आहे, आणि त्याच्या हातीं बॅट कोणी देतो कीं नाहीं, हा प्रश्न बाळूंच्या काळाइतकाच आजहि विचारण्यासारखा आहे.