शेवटचं गाणं की शेवटची लोकल? नायगावहून लाइव्ह कॉन्सर्टला जाताना हे माहीत हवं

नायगावला विरार लोकलमध्ये चढलेल्या कॉलेजच्या पोरांच्या कानात काय वाजत असेल, याचा हल्ली नेम नाही. कोळीगीत संपलं की ॲप एखादं कोरियन गाणं लावतं आणि त्यामागून मेक्सिकोची कुणी गायिका स्पॅनिशमध्ये गुणगुणायला लागते. फोनवर हे सगळं जवळपास फुकटच. मग हजारो रुपयांचं तिकीट काढून, दिवसभर मैदानात उभं राहून लोक तीच गाणी ऐकायला का जातात?

इंडी पॉप म्हणजे काय?

इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. मोठी म्युझिक कंपनी किंवा सिनेमा पाठीशी नसताना कलाकाराने स्वतः लिहून, स्वतः गाऊन उभं केलेलं गाणं, असा त्याचा मूळ अर्थ. पुढे ती एक शैलीच झाली : हळुवार आवाज, मोजकी वाद्यं आणि डायरीच्या पानासारखे खासगी शब्द. मेक्सिकोत अमेरिकेच्या सीमेलगतच्या तेकाते गावची कार्ला मॉरिसन याच वाटेने पुढे आली आणि २०१२ मध्ये तिला लॅटिन ग्रॅमी मिळाला. आपल्याकडचं ओळखीचं नाव म्हणजे प्रतीक कुहाड. त्याचं २०१८ चं 'कोल्ड/मेस' हे गाणं बराक ओबामांच्या २०१९ च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत होतं.

भाषा कळत नसेल तर?

फारसं अडत नाही. वसईकरांना तर स्पॅनिश अगदीच परकी वाटायला नको. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकेपर्यंत इथे दोनशे वर्षं पोर्तुगिजांचा अंमल होता. मराठीतला 'पगार' पोर्तुगीज भाषेतून आला आणि स्पॅनिशमध्येही 'पगार' म्हणजे पैसे देणं. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी आहेत.

मंचावर वेगळं काय घडतं?

रेकॉर्ड केलेलं गाणं अनेकदा गाऊन, त्यातले चांगले तुकडे जोडून बनतं. मंचावर ती सोय नसते. श्वास लागतो, सूर किंचित हलतो, कधी गायक मुद्दाम लय संथ करतो. एखादी ओळ तो अर्धी सोडतो आणि ती समोरची गर्दी पूर्ण करते. एकट्याने हेडफोनवर ऐकलेलं, अगदी आपलंच वाटणारं दुःख हजारो अनोळखी माणसांना पाठ आहे, हे त्या क्षणी कळतं. तिकिटाचे पैसे वसूल होतात ते इथे.

कुठे उभं राहायचं?

सगळ्यात पुढे गायक जवळून दिसतो, पण आवाज सगळ्यात चांगला येईलच असं नाही. मैदानाच्या मध्यावर, मंचासमोर एक छोटा मांडव असतो. तिथे साउंड इंजिनिअर बसून सगळ्या वाद्यांचा मेळ घालतो. त्याला जे ऐकू येतं तेच ऐकायचं असेल, तर त्या मांडवाच्या आसपासची जागा उत्तम.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे मंचापासून १७० मीटरवरच्या माणसाला तो अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो. म्हणून मागच्या बाजूला वेगळे स्पीकर लावतात आणि ते मुद्दाम तेवढेच उशिरा वाजवतात. नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला असता.

कानांचं काय?

ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो, पण १०० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या १५ मिनिटांवर येते. कॉन्सर्टमध्ये आवाज सहज १०० च्या घरात जातो. त्यामुळे कानात घालायचे बोळे खिशात हवेतच. स्पीकरच्या अगदी पुढ्यात उभं राहू नये आणि मधूनमधून लांब जाऊन कानांना विश्रांती द्यावी. कान दुसऱ्या दिवशीही वाजत असतील, तर डॉक्टरांना दाखवावं.

नायगावहून जायचं कसं?

२८ आणि २९ जानेवारी २०२३ ला लोलापालूझा हा महोत्सव आशियात पहिल्यांदा भरला तो महालक्ष्मी रेसकोर्सवर. नायगावकरांसाठी हे ठिकाण सोयीचं, कारण लाइन एकच : फास्ट लोकलने दादर आणि तिथून स्लो गाडीने महालक्ष्मी. रविवारी जम्बो ब्लॉक आहे का, हे मात्र आधी पाहावं.

परतीची धास्ती जास्त असते. पण उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सण-समारंभांसाठी १२ पर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे मैदानातले कार्यक्रम सहसा १० ला आटोपतात आणि चर्चगेटहून विरारची शेवटची लोकल सुटते मध्यरात्रीनंतर. महालक्ष्मीला गर्दी फार असेल, तर तिकीट मुंबई सेंट्रलहून काढून एक स्टेशन उलटं जावं. तिथे विरार फास्ट थांबते आणि चढायला जरा बरं पडतं. जायचं कुणाबरोबर आणि यायचं कुठल्या गाडीने, हे घरी आधीच सांगून ठेवलं की रात्रीचे फोन कमी येतात.

थोडक्यात, १० ला संपणाऱ्या कार्यक्रमातून लोकलच्या भीतीने साडेनऊलाच निघायचं कारण नाही. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं कलाकार बहुतेक वेळा शेवटालाच ठेवतात.