चाचणी नेटवर्कवरून एक्स्चेंज काढताना

मायक्रोसॉफ्टचे 'एक्स्चेंज सर्व्हर' हे ईमेलचे सॉफ्टवेअर चाचणीसाठी बसवणे सोपे. काढणे तितके सोपे नाही. 'एक्स्चेंज २०००' या आवृत्तीपासून हे सॉफ्टवेअर आपली मांडणी 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी' या नेटवर्कच्या सामायिक नोंदवहीत ठेवते. त्यामुळे संगणक फॉरमॅट केला तरी तेथे सर्व्हरची नोंद उरते आणि पुढे अडथळे आणते.

काढण्याची प्रक्रिया मध्येच थांबल्यास सर्व्हरवर मेलबॉक्स शिल्लक आहेत का, हे प्रथम पाहावे. ते 'डिसेबल' करावेत. 'रिमूव्ह' केल्यास वापरकर्त्याचे खातेही जाते. २०१० व त्यापुढील आवृत्त्यांतील 'आर्बिट्रेशन मेलबॉक्स' नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. ते स्वतंत्र आज्ञेने बंद करावेत आणि मगच कंट्रोल पॅनेलमधून सॉफ्टवेअर काढावे.

संगणक आधीच पुसला गेला असल्यास त्याच नावाचा व त्याच ऑपरेटिंग सिस्टिमचा संगणक उभारावा. त्यावर 'रिकव्हर सर्व्हर' पद्धतीने एक्स्चेंज पुन्हा बसवून ते रीतसर काढावे. 'एडीएसआय एडिट'मधून नोंदी हाताने खोडणे हा अखेरचा उपाय होय. तेथील चूक डिरेक्टरीची प्रत बाळगणाऱ्या प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर पसरते.

एवढे करूनही एक्स्चेंजने डिरेक्टरीच्या मूळ आराखड्यात, म्हणजे स्कीमात, घातलेली भर काढता येत नाही. म्हणूनच चाचणीची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी कार्यालयाच्या डिरेक्टरीपासून आरंभीच पूर्णतः वेगळी ठेवावी.