मराठवाड्यातील गुरांवरील गोचिडी

गोचीड ही गाय, बैल, म्हैस, शेळी आदी प्राण्यांच्या कातडीला चिकटून रक्त शोषणारी बाह्य परजीवी आहे. तिला कीटक समजले जाते. परंतु ती कोळी व विंचू यांच्याप्रमाणे अष्टपाद वर्गात मोडते. परभणी तालुक्यातील पेडगाव व आसपासच्या गोदावरी खोऱ्यात, तसेच एकूण मराठवाड्यात, गुरांच्या दृष्टीने दोन जाती विशेष महत्त्वाच्या आहेत: ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस आणि हायलोमा ॲनाटोलिकम. दोन्ही एकाच जनावरावर सापडू शकतात. मात्र त्यांची राहण्याची ठिकाणे व जगण्याची रीत भिन्न आहे.

प्रसार

काही गोचिडी एकाच प्रकारच्या प्राण्याशी बांधलेल्या असतात. मध्य व दक्षिण अमेरिकेतील ॲम्ब्लिओमा व्हेरियम या जातीच्या प्रौढ गोचिडी जवळजवळ केवळ स्लॉथ या झाडावर राहणाऱ्या संथ प्राण्याच्या अंगावर आढळतात; त्यामुळे त्यांचा प्रदेश स्लॉथच्या प्रदेशापुरताच राहिला. गुरांच्या गोचिडींचे तसे झाले नाही. मायक्रोप्लस ही मूळची दक्षिण आशियाकडील जाती मानली जाते. गुरांच्या वाहतुकीबरोबर ती ऑस्ट्रेलिया, आफ्रिका व अमेरिका खंडांत पोहोचली. हायलोमा ॲनाटोलिकम उत्तर आफ्रिकेपासून पश्चिम व मध्य आशियामार्गे भारतापर्यंतच्या उष्ण व कोरड्या पट्ट्यात पसरलेली आहे.

जीवनचक्र व वसतिस्थान

अंडी, सहा पायांचा डिंभ, आठ पायांचे अर्भक व प्रौढ अशा चार अवस्था दोन्ही जातींत असतात. मायक्रोप्लसचा डिंभ गवतावरून एकदा जनावराच्या अंगावर चढला, की पुढील सर्व अवस्था तेथेच पूर्ण होतात. त्यास सुमारे तीन आठवडे लागतात. रक्ताने टम्म फुगलेली, करड्या रंगाची मादी नंतर जमिनीवर गळून पडते, दोन ते तीन हजार अंडी घालते आणि मरते.

हायलोमाचा प्रकार निराळा आहे. तिचे डिंभ व अर्भक बहुधा रक्त पिऊन जनावरावरून उतरतात, गोठ्यात कात टाकतात आणि पुढील अवस्थेत पुन्हा एखाद्या जनावरावर चढतात. दगडमातीच्या भिंतींच्या फटी, गव्हाणीच्या सांध्यांतील भेगा, कुडाच्या आडोशातील पोकळ्या ही तिची खरी घरे होत. प्रौढ गोचिडी कास, जांघ व शेपटीच्या मुळाशी अधिक दिसतात, तेथेच पशुपालकाचे लक्ष जाते; वास्तविक तिच्या आयुष्याचा मोठा भाग भिंतीत जातो.

रोग

रक्तशोषणाने जनावर अशक्त होते व दूध घटते. तथापि गंभीर हानी होते ती रोगप्रसारामुळे. हायलोमा थायलेरिओसिस पसरवते. यात तीव्र ताप येतो, लसिका ग्रंथी सुजतात, रक्तक्षय होतो आणि उपचारास उशीर झाल्यास जनावर दगावते. उन्हाळा व पावसाळ्यात या रोगाचे प्रमाण अधिक असते. लाल कंधारी, देवणी यांसारखी देशी गुरे त्यास बऱ्याच अंशी तोंड देतात. जर्सी व होल्स्टीन संकरित गाई मात्र लवकर बळी पडतात. दुधासाठी कर्ज काढून घेतलेली गाय याच वर्गातील असते, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

मायक्रोप्लसमुळे बबेसिओसिस व ॲनाप्लाज्मोसिस होतात. पहिल्यात लघवी तांबडी होते. बबेसिया हा परजीवी मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. थायलेरिया तसा उतरत नाही. डिंभाने किंवा अर्भकाने घेतलेला संसर्ग तीच गोचीड पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावराला देते. गोचीड रोग वाहून नेते हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व फ्रेडरिक किलबोर्न यांनी मायक्रोप्लसच्या जवळच्या एका जातीवर काम करून १८९३ मध्ये सिद्ध केले. डासांमुळे मलेरिया पसरतो हे त्यानंतर काही वर्षांनी कळले.

हायलोमा गोचिडी माणसालाही क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप देऊ शकतात. भारतात या रोगाचे पहिले निश्चित रुग्ण २०११ मध्ये गुजरातेत आढळले. सिंधुदुर्गात पसरलेला माकडताप मात्र हिमाफायसॅलिस या वेगळ्या प्रजातीच्या जंगली गोचिडींमुळे होतो.

नियंत्रण

जनावराच्या अंगावर औषध फवारून थांबणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय. मायक्रोप्लसविरुद्ध त्याचा उपयोग होतो, हायलोमाविरुद्ध अपुरा. भिंतीतील गोचिडी काही दिवसांत पुन्हा अंगावर येतात. म्हणून फटी बुजवणे, भिंतींना चुना देणे, शेणकचरा हलवणे व जनावरे बाहेर काढून गोठ्यातही फवारणी करणे आवश्यक ठरते. औषध ठरलेल्या प्रमाणापेक्षा पातळ करून वारंवार वापरल्यास गोचिडी त्यास दाद देईनाशा होतात. डेल्टामेथ्रिन व सायपरमेथ्रिन या औषधांना मायक्रोप्लसने दाखवलेला प्रतिकार भारतात अनेक ठिकाणी नोंदला गेला आहे. थायलेरिओसिसवर बुपारव्हाक्वोन हे औषध लवकर दिल्यास गुणकारी ठरते. संकरित गुरांसाठी या रोगाची लसही भारतात तयार होते. परंतु ती रोगापासून संरक्षण देते, गोचिडींपासून नव्हे.