वर्ध्याचा रफार

वर्धा म्हटलं की परगावच्या माणसाला तीन गोष्टी आठवतात. गांधीजी, विनोबा आणि उन्हाळा. खाण्यातला दर्दी असेल तर चौथी, गोरसपाक. पण पाचवी गोष्ट, जी वर्ध्याच्या डोक्यावर राजरोस बसलेली आहे, ती कुणाच्याच लक्षात येत नाही. ती म्हणजे रफार. सारा जन्म वर्ध्यात जाऊन मलाही ती साठी उलटल्यावर कळली. गेल्या दिवाळीत कळली, आणि फराळाचे चार दिवस रफारात गेले.

झालं असं, की माळा आवरताना बाबांच्या ट्रंकेत एक फ्लॉपी सापडली. हल्लीच्या मुलांना सांगायला हवं, की फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी काळी चौकोनी वस्तू. तिच्यात मोबाइलवरचा एक धड फोटोही मावणार नाही, पण एका माणसाचा अख्खा संसार मावू शकतो. वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी होती : 'तुझी आअी'.

ही शुद्धलेखनाची चूक नव्हे. बाबा हिंदीचे मास्तर. चुका करणं त्यांना ठाऊकच नव्हतं, काढणं तेवढं ठाऊक होतं. ती 'आअी' अस्सल वर्ध्याची. 1935 मध्ये इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरलं. तिथून नागरी लिपी सुधारण्याच्या कामानं जोर धरला, आणि त्याची धुरा काकासाहेब कालेलकरांकडे आली. पुढच्याच साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. तिच्या पुस्तकांनी इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या मंडळींना सक्तीची रजा दिली आणि एकट्या 'अ'ला कामाला जुंपलं : अि, अी, अु, अू, अे, अै. रत्नागिरीत सावरकरांनीही हाच 'अ' पुढे केला होता. सेवाग्राम आणि सावरकर यांचं एकमत झालेल्या गोष्टी शोधायला दुर्बीण लागते. त्यांतली ही एक. 'अ'वर झालं, पुढे सरकलं नाही.

बाबा याच वातावरणात वाढले. पुढे सरकारनं, शाळेनं, साऱ्या महाराष्ट्रानं इ-ई परत बोलावल्या. बाबांनी बोलावल्या नाहीत. किराण्याच्या यादीतसुद्धा ते 'अिसबगोल' लिहीत, आणि वाणी बिचारा निमूटपणे बांधून देई.

पण हा हट्ट कशासाठी होता? यंत्रासाठी. इंग्रजी छापायला थोडके खिळे पुरतात. आपल्या जोडाक्षरांना, काना-मात्रांना शेकड्यांनी लागतात. टाइपरायटरवर तर कळा चाळीस-पंचेचाळीस. तेवढ्या जागेत बाराखडी बसवायची म्हणजे लग्नाचं वऱ्हाड सायकलवर बसवण्यासारखं. मग अक्षरांचे तुकडे पाडले. अर्धा भ आणि काना मिळून भ. अर्धा ध आणि काना मिळून ध. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, रफार सगळ्यांत शेवटी. म्हणजे 'वर्धा' टाइप करायचं तर व, अर्धा ध, काना, पुन्हा काना, आणि मग रफार. तोंडानं आपण 'र' हा 'ध'च्या आधी म्हणतो. यंत्र त्याला सगळी पंगत उठल्यावर जेवायला वाढतं.

1953 साली लखनौच्या परिषदेनं तर पहिली वेलांटीही उजवीकडे न्यावी, फक्त तिचा पाय आखूड करावा, असं ठरवलं. आखूड पायाची पहिली आणि लांब पायाची दुसरी ओळखताना लोक इतके वैतागले, की थोड्याच वर्षांत वेलांटी मुकाट्यानं स्वगृही परतली. सगळ्यांचं म्हणणं एकच : यंत्राला जमत नाही ना, मग अक्षरानं अंग चोरावं.

तर ती फ्लॉपी. ती वाचायचं यंत्र मिळवायला मी चार दुकानं हिंडलो. "काका, हे आता भंगारातच भेटते," असं चौथ्यानं सांगितलं, आणि खरंच तिथेच भेटलं. पडद्यावर बाबांचं लिखाण उघडलं आणि मी चष्मा पुसला. एकही अक्षर मराठी नव्हतं. ओ, एक तिरकी रेघ, दोन के आणि मोठा झेड. मग पुन्हा इंग्रजी अक्षरांचा चिवडा. बाबांनी 1999 मध्ये संगणक शिकून शंभरावर पानं लिहिली ती ही?

पुण्याचा भाचा दिवाळीला आला होता. संगणकातला माणूस. तो म्हणाला, "मामा, ओ-रेघ-के-के-झेड म्हणजे वर्धा." मला वाटलं पोरगं थट्टा करतंय. तो करत नव्हता.

"असं बघ," तो म्हणाला, "लिहायचा प्रोग्रॅम, म्हणजे एडिटर, हा एक माणूस नसतो, दोन असतात. एक आत कोठीत. मजकूर जपायचा, खोडायचं, शोधायचं, हे त्याचं काम. दुसरा ओसरीवर. तो फक्त मजकूर लोकांना दाखवतो. आता हा एडिटर एका संगणकावरून दुसऱ्या जातीच्या संगणकावर न्यायचा, म्हणजे आर्वीच्या तहसीलदाराची हिंगणघाटला बदली."

"मग?"

"मग कायद्याचं पुस्तक बरोबर न्यायचं आणि पट्टेवाला तिथला घ्यायचा. खिडक्या, मेनू, अक्षरं काढणं हे तिथल्या माणसाकडून करून घ्यायचं. आतल्याला हात लावायचा नाही."

त्यानं व्हिम नावाच्या एडिटरचं उदाहरण दिलं. तो 1991 चा. 2007 मध्ये त्याला मॅकिंटॉशवर नेताना आतला व्हिम आणि बाहेरची खिडकी असे दोन अगदी वेगळे प्रोग्रॅम केले आणि ते एकमेकांना निरोप पाठवू लागले. अबोला धरलेलं जोडपं मुलामार्फत बोलतं तसं. म्हटलं, हे मला समजतं, पुढे चल.

पुढची गोष्ट आपल्याच मुलखातली निघाली. 1975 साली नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं ते वर्ध्याच्या समितीनं भरवलेलं. बाबा तिथे गेले होते आणि परत येऊन आठ दिवस घसा बसल्यामुळे गप्प होते. तिसरं संमेलन 1983 मध्ये दिल्लीला झालं, आणि त्याच साली कानपूरच्या आयआयटीत देवनागरी लिहिणारं संगणकाचं टर्मिनल तयार झालं. त्यातून 'जिस्ट' हे तंत्र निघालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्याचं एक कार्ड मिळे. ते संगणकात बसवलं की वर्डस्टारसारखा अस्सल इंग्रजी एडिटर मराठी लिहू लागे. वर्डस्टारला शेवटपर्यंत कळलं नाही, की आपण मराठी लिहितो आहोत! आतला साहेब तोच. ओसरीवर पट्टेवाला तेवढा पुण्याचा.

आणि यातली खुबी अशी, की आत मजकूर आकारांनी नव्हे, उच्चारांच्या क्रमानं ठेवलेला. व, र, हलन्त, ध, काना. रफार ध-च्या डोक्यावर चढवायचा, की र-चा पाय मोडायचा, हे ओसरीवरच्यानं ठरवायचं. पाणिनीलाही हा हिशेब पटला असता. 1991 मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ही सांकेतिक व्यवस्था मान्य केली, आणि त्याच साली आलेल्या युनिकोडनं देवनागरीची मांडणी तिच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतली.

मग घोडं अडलं कुठे? विंडोजपाशी. तिथे अक्षरं विंडोज स्वतः काढणार. पुण्याच्या पट्टेवाल्याला ओसरीवर मज्जाव, आणि विंडोजला रफार येत नाही. तेव्हा लोकांनी सोपी वाट काढली. इंग्रजी 'के'च्या चित्राच्या जागी कान्याचं चित्र बसवलं, 'झेड'च्या जागी रफाराचं. संगणकाला वाटे इंग्रजी चाललंय, आपल्याला दिसे मराठी. टाइपरायटरचे तुकडे होते तसेच नव्या घरात आले. म्हणजे बदली होताना कायद्याचं पुस्तक राहिलं आणि तहसीलदाराचा सदरा तेवढा पोचला! तो टंक संगणकावर असेपर्यंत ठीक. तो गेला की खालचा इंग्रजी चिवडा उघडा.

विंडोजला देवनागरी खरी शिकवली गेली ती 2000 साली. त्यासाठी 'मंगल' हा टंक मुंबईच्या र. कृ. जोशींनी रेखला. बाबांची पानं त्याच्या एकच वर्ष आधीची. मास्तर नेहमी वेळेच्या आधी, त्याचा हा परिणाम.

भाच्यानं कुठलासा रूपांतर करणारा प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर मराठी आलं. मी आनंदानं पहिली ओळ वाचली. 'वधार् िजल्हा.' खाली 'आवीर्'. खाली 'िहंगणघाट', म्हणजे वेलांटी एकटी टिंबांच्या वर्तुळात बसलेली, माहेरी निघालेल्या सुनेसारखी. त्या शहाण्या प्रोग्रॅमनं प्रत्येक तुकडा नेमका ओळखला होता, पण पंगतीचा क्रम टाइपरायटरचाच ठेवला होता.

आमची आई आर्वीची. मी म्हटलं, "जरा शोध, आर्वी कुठे कुठे आहे." भाच्यानं शब्द घातला. उत्तर आलं, एकही नाही. शंभरावर पानं आईवरची आणि त्यात आर्वी नाही! क्षणभर पोटात खड्डा पडला. शब्द समोर दिसत होता, पण आत उच्चार नव्हता, नुसतं चित्र होतं. चित्राला हाक मारून ते ओ देत नाही.

मग चार दिवस भाचा बसला. रफार उचलून एक अक्षर मागे, वेलांटी उचलून एक अक्षर पुढे, असे नियम त्यानं लिहिले. मी शेजारी बसून चुका दाखवत होतो. मास्तरांचा मुलगा, तेवढं येतं. भाऊबीजेच्या संध्याकाळी त्यानं पुन्हा 'आर्वी' शोधलं. सदतीस ठिकाणी सापडली. पहिलीच ओळ होती : 'तुझी आअी आर्वीची, पण तिनं ते कधी मिरवलं नाही.'

बाबांचे कालेलकर अगदीच चुकले नव्हते, असं मला आता वाटतं. अक्षर यंत्रावर बसवायलाच हवं, हे त्यांनी फार आधी ओळखलं. फक्त यंत्र इतकं शिकेल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

जाताना भाचा म्हणाला, "मामा, एक हुकूम दिला की सगळीकडे 'आअी'चं 'आई' होईल. करू?"

मी म्हटलं, "नको रे. ते यंत्राचं नाही, तुझ्या आजोबांचं आहे."